दहा दिवसांची राखण

माघ सरत आला म्हणजे निपाणीच्या आसमंतात दिवस आणि रात्र जणू दोन निराळ्या ऋतूंची असतात. दुपारी ऊन चटके देऊ लागते; पहाटे मात्र घोंगडीबाहेर हात काढवत नाही. ह्याच सुमारास विडीच्या तंबाखूचे काम जोरात असते. कापलेली झाडे शेतातच उन्हात वाळतात आणि रात्रीच्या दवाने पाला मऊ पडला म्हणजे भल्या पहाटे तो गोळा करावा लागतो. ऊन चढल्यावर हात लावला तर त्याचा चुरा होतो. म्हणून वस्ती शेतावरच. शेकोटी, घोंगडी आणि कुत्रा एवढी सोबत असली की रात्र निभून जाते.

आमचा मोत्या हा असाच राखणदार. शेकोटी विझली की तिच्या उबदार राखेत वेटोळे करून निजावे आणि सकाळी पांढराफटक होऊन उठावे, हा त्याचा नेम. "राखेचा बुधवार आपल्या घरी मोत्याच आधी पाळतो," असे आमच्या मातोश्री हसून म्हणतात. मोत्यास कुळी नाही. मुधोळचे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रे आपल्याच मुलखातले; तेथील संस्थानिक घोरपडे घराण्याने ते जोपासले आणि 2005 साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. मोत्याच्या नशिबी असले मानमरातब नाहीत. परंतु पिसाळण्याचा रोग कुळी विचारीत नाही, हे आम्हांस दोन वर्षांपूर्वी पुरते कळून चुकले.

तेव्हाही हेच दिवस होते. मोत्या भाकरी खात असता शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाने खेळाखेळात त्याच्या ताटलीत हात घातला. क्षणात दात लागले. मनगटावर रक्ताचे दोनच थेंब. पण वाडीभर गलका झाला. "अहो दादा, मिरचीपूड भरा की जखमेत, इख उतरतंय," असे एक वृद्ध आजी सांगू लागल्या. कोणी चुना सुचविला. एक गृहस्थ तर काठी घेऊनच मोत्याच्या मागे धावले.

सुदैवाने त्या वेळी एक परिचारिका भगिनी वाटेने चालल्या होत्या. त्यांनी मुलाचा हात वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने तब्बल पंधरा मिनिटे धुतला. मिरची नको, चुना नको, पट्टीही घट्ट बांधू नका, असे बजावून त्यांनी त्यास तडक सरकारी दवाखान्यात नेण्यास सांगितले. "आणि कुत्र्यास मारू नका," त्या म्हणाल्या. "त्याला बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावतेवेळी त्याच्या लाळेत रोगाचे विष असेल, तर एवढ्या अवधीत तो आजारी पडेल वा मरेल. मात्र सुयांसाठी ते दहा दिवस थांबायचे नाही." मग त्यांनी आम्हांस विचारले, "ह्याला लस टोचली आहे ना?"

आमची मान खाली गेली. "सुगी उरकली की बघू," असे म्हणत आम्ही ते काम दोन वर्षे लांबणीवर टाकले होते.

मुलास त्याच दिवशी दंडात सुई टोचली आणि रक्त आले म्हणून जखमेभोवतीही औषध दिले. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात, हे भय जुन्या माणसांच्या मनातून अद्याप गेलेले नाही. परंतु त्या जुन्या लसीचे उत्पादन आपल्या देशात 2004 सालीच थांबले. आता दंडात मोजक्याच सुया पुरतात; मात्र नेमल्या तारखांस घ्याव्या लागतात. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1885 साली नऊ वर्षांच्या एका मुलास पहिल्याने अशी लस दिली, तेव्हापासून ही वाट मोकळी झाली. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की आजही वैद्यकाचे हात टेकतात.

ते दहा दिवस आम्ही विसरणार नाही. रोज पहाटे, दव पडलेले असतानाच, त्या मुलाची आई कुंपणाशी येऊन उभी राही आणि हळूच विचारी, "मोत्या जेवला का ओ?" आपल्या लेकराचे प्राण एका कुत्र्याच्या भाकरीशी बांधले गेलेले पाहणे, ह्यासारखी शिक्षा नाही. तिने आम्हांस एकही वावगा शब्द बोलला नाही. तेच अधिक बोचे. मोत्या पाणी पितो का, गिळताना अडखळतो का, त्याचे भुंकणे बदलले का, हेच आम्ही दिवसभर पाहत असू. रात्री तो आमची राखण करीत असे. आता आम्ही त्याची करीत होतो.

अकराव्या दिवशीही मोत्या धडधाकट होता. त्या सकाळी ती माउली कुंपणाशी न थांबता आत आली आणि तिने स्वतःच्या हाताने त्यास भाकरी घातली. पुढे आम्ही त्यास पशुवैद्यांकडे नेऊन लस टोचून घेतली. ती दरवर्षी टोचतो आणि तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो.

असो. थंडीत जन्मलेली पिल्ले ह्या दिवसांत मुले घरोघर उचलून आणतात. वाचकहो, अवश्य आणू द्यावीत. त्यांस पोत्याची ऊब द्यावी. मात्र पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस चुकवू नये. जेवत्या, निजलेल्या वा पिल्ले असलेल्या कुत्र्यास छेडू नये, हेही मुलांस शिकवावे. जो मुका जीव रात्रभर आपल्यासाठी जागतो, त्याच्यासाठी वर्षातील एक सकाळ काढणे फार नव्हे.