कांद्याच्या सुपाची किंमत

पॅरिसला जाऊन आलेला मराठी माणूस तिथल्या जेवणाविषयी बोलू लागला, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘बशीत काही नव्हतंच’ आणि ‘एवढ्या पैशांत आपल्याकडे दहा जण जेवले असते’. आम्हीही वेगळे नव्हतो. एका जुन्या वळणाच्या फ्रेंच रेस्टॉरंटात मेनूकार्डावरील प्रत्येक युरोचे मनातल्या मनात रुपये करणे चालूच होते. कांद्याच्या सुपापाशी तर आम्ही अडखळलोच. कांदा, पाव आणि चीज; त्यासाठी एवढे पैसे?

सूप खाताना आमच्या प्रश्नातील चूक हळूहळू ध्यानात आली. आम्ही कांद्याची किंमत विचारत होतो. तो मंद आचेवर, करपू न देता, गडद तपकिरी होईपर्यंत परतायला तासभर तरी लागतो. ज्या अर्कात तो शिजतो, तो हाडे उकळून काढायला त्याहून अधिक. सामान स्वस्त, श्रम महाग. जून कोंबडा वाइनमध्ये शिजवून मऊ करणारी ही पाकपरंपरा मुळात काटकसरीतूनच आलेली आहे.

तेव्हा पैसे वसूल झाले की नाही, हे ठरवताना पाहायचे ते एवढेच, की हे श्रम खरोखर झाले आहेत काय? फ्रान्समध्ये २०१४ साली ‘फे मेझाँ’, म्हणजे ‘इथेच रांधलेले’, ही खूण कायद्याने आणावी लागली, यातच तिथल्या रोगाची कबुली आहे. कारखान्यातले तयार पदार्थ गरम करून रांधल्याचे दाम घेणे ही खरी लूट. तरीही या खुणेला गोठवलेला कच्चा माल चालतो, हे विसरू नये.

हे महागाईचे समर्थन नव्हे. १८९६ साली सुरू झालेले ‘बुइयाँ शार्तिए’ आजही सामान्यांना परवडते. तिथे रांगेत उभे राहावे लागते, अनोळखी माणसांशेजारी बसावे लागते. वेटर हिशेब टेबलावरच्या कागदावर लिहितो. तिथे आपण निवांतपणा सोडतो आणि पैसे वाचवतो. आमच्या रेस्टॉरंटात मागितल्याखेरीज कुणी बिल आणले नाही. टेबल रात्रभर आमचेच होते. पाव, साधे पाणी आणि सेवाशुल्क छापील किमतीतच होते. दोन्ही व्यवहार आम्हांला सचोटीचे वाटतात.

मग आमचे गणित चुकले कशाने? ज्या घरांत आम्ही वाढलो, तिथे चुलीपुढे कांदा परतणाऱ्या हातांचा मोबदला कुणी कधी मांडलाच नाही. जेवणाचा खर्च म्हणजे वाण्याची यादी, एवढेच आम्ही शिकलो. परदेशी सूप महाग वाटले, कारण घरची आमटी आम्ही आजवर फुकट समजून खाल्ली होती.