पत्रांतील मायना

२०१३ सालीं सरकारी तार बंद झाली, तेव्हां पुष्कळ हळहळले. घरगुती पत्र मात्र गाजावाजा न होतां मागें पडलें. ‘तीर्थरूप’ वडिलांच्या नांवें आलेलें पत्र ओटीवर सर्वांदेखत वाचलें जाई. अखेरीस थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद असत. आपलें नांव येईपर्यंत मुलें कान देऊन बसत.

आतां व्हॉट्सॲपवर निरोप क्षणांत पोंचतो, परदेशस्थ नातवाचें मुखही दिसतें. ही सोय लहान नव्हे. परंतु निरोप ज्याच्या त्याच्या खिशांत उतरतो. सुनेस कळलेली वार्ता सासूस चार दिवसांनीं कळते, मग रुसवे! २०१४ पासून वाचल्याची निळी खूणही उमटते; उत्तरास विलंब झाल्यास दोष टपालवाल्यावर ढकलतां येत नाहीं.

दूरच्या मुलांचे निरोप रात्रीं पानावर बसतांना मोठ्यानें वाचावे, अशी वाचकांस विनंति आहे.