न्हाव्यानं लिहून ठेवलेली राजवाड्याची गोष्ट

बालमित्रांनो, आज आपण जाऊ या सीरियाच्या राजधानीत, दमास्कसला. तिथल्या जुन्या शहरात मसाल्यांचा बाजार आहे. दालचिनी-वेलचीचा वास घेत पुढं गेलं, की एका साध्याशा भिंतीत दार लागतं. यात काय पाहायचं, असं वाटेल. पण आत तर या! मोठं अंगण, पाण्याचे हौद, लिंबू-संत्र्याची झाडं आणि काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती! हाच तो अझम राजवाडा.

अठराव्या शतकाच्या मध्याला तो बांधला असद पाशा अल-अझम यानं. तेव्हा सीरियावर ऑटोमन सुलतानाचं राज्य होतं आणि पाशा होता दमास्कसचा सुभेदार. पाहुण्यांचा भाग सलामलिक, घरच्या मंडळींचा हरमलिक आणि नोकरचाकरांचा आणखी वेगळा. दालनांच्या लाकडी भिंती नि छतं रंगीत वेलबुट्टीनं भरलेली.

किती छान, नाही? पण थांबा हं! त्याच वेळी दमास्कसमध्ये अल-बुदैरी नावाचा एक न्हावी होता. गावात काय घडतंय, ते तो लिहून ठेवायचा. 1741 ते 1762 अशी तब्बल एकवीस वर्षं! त्यानं लिहिलंय, की पाशानं गावातले गवंडी-सुतार आपल्याच कामाला जुंपले. कुठं चांगला दगड, खांब किंवा लाकूड आहे असं कळलं, की ते राजवाड्यासाठी उचललं जाई. पाशासमोर बोलणार कोण?

पुढं सुलतानाची मर्जी फिरली आणि 1758 मध्ये पाशाला मृत्युदंड मिळाला. राजवाडा मात्र राहिला. 1925 मध्ये सीरियातल्या लोकांनी फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव केला. फ्रेंचांनी शहरावर तोफा डागल्या, त्यात राजवाड्याचा बराच भाग जळाला. मग कित्येक वर्षं कारागिरांनी जुन्या पद्धतीनं तो पुन्हा उभा केला. 1983 मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

आणि 1954 मध्ये तिथं संग्रहालय सुरू झालं ते कशाचं, सांगा पाहू? लोकांच्या रोजच्या जगण्याचं! लग्नघर, शाळा, कारागिरांची कामं यांचे पुतळ्यांसह देखावे तिथं मांडले गेले. ज्यांच्याकडून दगड-लाकूड उचललं, त्यांच्यासारख्याच साध्या माणसांना अखेर पाशाच्या दालनात जागा मिळाली.

तेव्हा दोस्तांनो, कुठलाही वाडा पाहायला गेलात, तर मालकाचं नाव वाचाच. पण दगड कुठून आले, ते कुणी घडवले, हेही जरूर विचारा बरं का!