'शमली' की 'दडपली'?

ट्यूटोरियलसाठी मुळशी सत्याग्रहावर चार पाने लिहिली आणि पौडला घरी आजीला वाचून दाखविली. आजीला अक्षरओळख नाही, पण तिचे माहेर धरणाकाठचे. माझे शेवटचे वाक्य होते, 'धरपकड झाली आणि १९२४ पर्यंत चळवळ शमली.' आजीने विचारले, "शमली? म्हंजी जिमिनी माघारी मिळाल्या व्हय रं त्यांस्नी?"

मी निरुत्तर झालो. आजीच्या लेखी शमणे म्हणजे हवे ते मिळून थांबणे. तहान पाण्याने शमते, भूक भाकरीने. मुळशीच्या शेतकऱ्यांना काय मिळाले होते? १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, ते धरणाच्या कामावर जाऊन बसले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. सेनापती बापटांना पुढे सात वर्षांची सजा झाली. धरण मात्र झालेच. भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते.

संस्कृतच्या सरांना विचारले. ते म्हणाले, शांत, शमन, उपशम ही सारी 'शम्' धातूचीच लेकरे. पण वैदिक यज्ञात पशूला मारणाऱ्यालाही 'शमिता' म्हणत, म्हणजे शांत करणारा! पशूने ओरडू नये म्हणून त्याचा श्वास कोंडीत. ऐकून अंगावर काटा आला. पाणी पाजून शांत करणारा आणि गळा दाबून शांत करणारा, दोघांना एकच क्रियापद!

शमविणे वाईटच, असे मी म्हणत नाही. बांधावरून दोन भाऊ कोयते घेऊन उभे राहिले, तर त्यांचा राग शमविणारा शेजारी हवाच. (आमच्या आळीत असा प्रसंग दर पावसाळ्यात येतो.) पण तो शेजारी दोघांचे ऐकून घेतो, बांध मोजायला लावतो. 'असंतोष शमला', 'जमाव शांत झाला' असे आपण सहज लिहितो, तेव्हा कोणी कोणाचे ऐकले होते? शिवाय 'शमली' म्हटले की चळवळ जणू आपोआप थंडावली, चुलीवरून उतरलेला भात निवावा तशी. 'दडपली' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी?

मी 'शमली' खोडून 'दडपली' लिहिले. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने शेरा होता, 'भाषा तटस्थ ठेवावी.' एक गुणही कापला होता. सरांविषयी आदर आहे, पण 'शमली' हा शब्द तटस्थ कसा, हे मला अजून कळलेले नाही.