आधी हजेरी, मग हुकूम

मंडळी, लिनक्सवर शंभर फोटोंना एकाच हुकमात कामाला लावता येतं. शेल स्क्रिप्टमध्ये 'फॉर' लिहायचं आणि नावांच्या जागी चांदणी, म्हणजे *. पण माझं स्पष्ट मत आहे, की फाइली पुसणारा लूप थेट चालवू नये. आधी 'आरएम'च्या जागी 'एको' लिहावं. नावं पडद्यावर येतात. ती वाचावीत. हजेरी न घेता सहलीची बस सोडत नाहीत, तसंच हे.

कारण चांदणीचा अर्थ आरएम लावत नाही, शेल लावतो. १९७१ च्या युनिक्समध्ये त्यासाठी 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्रॅमच होता. आरएमला मिळतात ती तयार नावं; ती बरोबर की चूक, हे तो विचारत नाही. आणि त्याने पुसलेलं कचरापेटीतही सापडत नाही!

शेलही भोळाच. एकही नाव जुळलं नाही, तर बॅश ती चांदणीच फाइलीचं नाव म्हणून पुढे पाठवतो. आणि लूपमध्ये नाव दुहेरी अवतरणात घातलं नाही, तर 'लग्न जुने.जेपीजी'चे दोन तुकडे होतात. शेजारी 'जुने.जेपीजी' असेल तर बिचारी तीच जाते! हे एकोच्या यादीत कळत नाही, म्हणून अवतरणचिन्हं पहिल्यापासून हवीतच.

तरुण मंडळी म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? अहो, हजेरीला दोन मिनिटं लागतात. आजीआजोबांचा एकुलता एक फोटो मात्र पुन्हा काढता येत नाही. बघा पटतंय का.