देशोदेशींची माणसं : हात धुवायला लावणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, बाळंतिणीच्या खोलीत जाण्याआधी आजी आपल्याला हातपाय धुवायला लावायची, आठवतं ना? हेच डॉक्टर मंडळींना पटवता पटवता एका डॉक्टरचं आयुष्य गेलं.

इग्नाझ सेमेलवाइस १८१८ साली हंगेरीतल्या बुडा शहरी जन्मला. व्हिएन्नाच्या ज्या इस्पितळात तो काम करी, तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टरीचे विद्यार्थी. आणि तापाने बायका जास्त दगावत त्या डॉक्टरांकडे! ‘तिकडे नका नेऊ’ म्हणून बिचाऱ्या हातापाया पडत.

१८४७ साली त्याचा एक डॉक्टर मित्र प्रेताच्या तपासणीत सुरी लागून वारला. लक्षणं थेट बाळंतिणींच्या तापाची! सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी प्रेतं चिरत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. सुइणींचा प्रेतांशी संबंधच नव्हता. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका गेल्या होत्या, जूनमध्ये दोनच.

पण आपल्याच हातांनी बायका मरतात, हे कुठल्या डॉक्टरला रुचणार? वाद पेटले, माणूस खचला. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून तो गेला. वय अवघं ४७.