कुठला धारप?

"मामा, धारप आहे का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारायचो, "कुठला धारप?"

नवा सभासद गोंधळायचा. नारायण धारप एकच, मग कुठला म्हणजे काय? जुना सभासद मात्र लगेच सांगायचा, "समर्थाचा", नाहीतर "समर्थ नसलेला". कोल्हापुरात मंगळवार पेठेत १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षं मी सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवली. दहा बाय बाराची खोली, लोखंडी रॅक, एक लाकडी काउंटर आणि पुस्तकांच्या नोंदीची लांब वही. पुस्तक घेऊन आठ दिवसांत परत करायचं, उशीर झाला तर दिवसाला चार आणे. या एवढ्याशा जागेत वाचकांच्या आवडीनिवडीबद्दल जे शिकलो ते कुठल्या परिसंवादात ऐकायला मिळालं नाही, म्हणून लिहितो आहे.

निमित्तही आहे. धारपांचा जन्म १९२५चा, म्हणजे शंभरी उलटून गेली. त्यांना जाऊनही बराच काळ झाला, २००८ साली ते गेले. पण २०१८ साली 'तुंबाड' सिनेमा आला, २०२४ साली तो पुन्हा थिएटरात लागला आणि आधीपेक्षा जास्त चालला. त्या सिनेमामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे हे कळल्यावर भाच्याचे मित्र माझ्या घरी येऊ लागले. "काका, ती 'आजी' आहे का तुमच्याकडं?" आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या पिढीतला जुना वादही आला: धारप म्हणजे साहित्य का? एक म्हणतो, काय माणूस होता! दुसरा म्हणतो, भुताखेतांची रद्दी. दोघंही असं बोलतात जणू शंभराहून अधिक पुस्तकं लिहिणारा माणूस म्हणजे एकच पुस्तक.

माझ्या काउंटरवर असं कुणी बोलत नसे. तिथं प्रत्येकाला आपला धारप नेमका माहीत होता.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर असलेला एक गडी दर रविवारी यायचा. त्याला फक्त समर्थ हवा. ज्यांना समर्थकथा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: अघोरी शक्तींनी गांजलेल्या माणसांना सोडवणारा, मोठ्या आत्मिक बळाचा हा पुरुष. तो आला की वाईट शक्ती शेवटी पराभूत होणार हे ठरलेलं. मी एकदा मोल्डरला म्हणालो, शेवट आधीच ठाऊक असेल तर मजा काय? तो म्हणाला, "मामा, दिवसभर वितळलेल्या लोखंडाजवळ उभा असतोय. तिथं काय हुईल ते ठाऊक नसतंय. घरी तरी ठाऊक असू दे की."

त्याच्या नेमकी उलट एक सिस्टर होती. दवाखान्यात रात्रपाळी करायची. ती पुस्तक उघडून आधी मधली पानं चाळायची आणि समर्थाचं नाव दिसलं की परत ठेवायची. "हा आला की भीती जाते हो मामा. मग वाचू कशाला?" तिला 'आनंदमहल' हवा, '४४० चंदनवाडी' हवी, कुणी सोडवायला येईल याची खात्री नसलेली गोष्ट हवी. रात्री वॉर्डात एकटीनं बसणाऱ्या बाईला आणखी भीती कशाला पाहिजे, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. मग लक्षात आलं, तिला खोटा दिलासा नको होता. दिवसाकाठी किती लोकांना ती स्वतःच तो देत असेल!

इंजिनिअरिंगच्या पोरांचा तिसरा गट. त्यांना भूत नको, विज्ञान हवं. 'नेनचिम' आणि 'ऐसी रत्ने मेळवीन' या दोन पुस्तकांवर त्यांची नोंद इतकी की वहीत पान कमी पडलं. हीच पोरं 'चेतकीन'ला नाकं मुरडायची. आणि पेठेतली एक म्हातारी होती, नातवानं नेलेलं पुस्तक परत द्यायला आलेली. म्हणाली, "ह्यात काय भ्या वाटायचं? रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतोय न् तांदळाएवढा मागं येतोय. ज्या दिवशी पाण्याला टेकंल त्या दिवशी जग बुडंल. मी ल्हान हुतो तवा आमची आजी सांगायची. ती गोष्ट ऐकून मी चार दिस रंकाळ्याला गेलो न्हवतो." एका रेषेत, एका गव्हाच्या आणि एका तांदळाच्या फरकात प्रलय बसवणारी ती गोष्ट ऐकल्यावर मला वाटलं, अद्भुताची गोडी या गावाला कुणी शिकवायची गरजच नाही.

आता आक्षेपांकडे येतो. ते खोटे नाहीत आणि सगळे सारखेही नाहीत.

पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा एक तरुण माझा सभासद होता. त्याच्या व्याख्यानांची पत्रकं मी काउंटरवर ठेवायचो. एकदा त्यानं पत्रकांचा गठ्ठा ठेवता ठेवता मागच्या रॅककडे बोट केलं. "मामा, समोर आमचं पत्रक आणि पाठीमागं हे?" मी म्हणालो, बाबा, ज्याला पैसे मोजून घाबरायचं आहे त्याला ती गोष्ट आहे हे माहीत असतं. माझा वाचक आठव्या दिवशी भूत परत आणून देतो. भोंदूबाबाकडे गेलेल्याचं काहीच परत येत नाही. २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदाही फसवणाऱ्यासाठी आहे, गोष्ट सांगणाऱ्यासाठी नाही.

पण तो पोरगा हुशार. म्हणाला, "भुतांचं सोडा. मला भीती वाटते ती तुमच्या समर्थाची."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. भूत कुणी खरं मानत नाही, पण सगळं जाणणारा, सगळ्यातून सोडवणारा, ज्याला प्रश्न विचारायचे नसतात असा पुरुष आपल्याला रोज कुठे ना कुठे खरा म्हणून विकला जातो. मोल्डरला जो दिलासा वाटतो तोच या पोराला धोका वाटतो. दोघांनी एकच पुस्तक वाचलं होतं, आणि दोघांनीही नीट वाचलं होतं. धारपांवरची इतकी नेमकी टीका मी छापील मजकुरात वाचलेली नाही. ती पत्रकं वाटायला आलेल्या पोरानं केली.

दुसरा आक्षेप उचलेगिरीचा. इंग्रजीचे एक प्राध्यापक यायचे. त्यांनी एक दिवस स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट' आणून 'लुचाई'च्या शेजारी काउंटरवर ठेवलं. "बघा तुमचा धारप." किंगचं पुस्तक १९७५चं. पुढे 'शपथ'च्या वेळी किंगचं १९८६चं 'इट' घेऊन आले. त्यांचं चुकीचं नव्हतं. या दोन्ही कादंबऱ्या किंगवर बेतलेल्या आहेत हे आता धारपांचे भक्तही मान्य करतात.

मात्र प्राध्यापक यातून जो निष्कर्ष काढायचे तो मला पटत नसे. रूपांतर हा मराठीत कधीच कमीपणा नव्हता. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली. मूळ कृतीचं नाव ठसठशीत सांगितलं की रूपांतरकाराचं काम उलट उजेडात येतं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गावाची भीती मराठी घरात आणायची तर तिथला पाद्री आणि क्रूस इथं कामाचे नाहीत; इथला उंबरा, इथलं देवघर, इथली नाती लागतात. ते कुठे जमलं आणि कुठे नुसतं भाषांतर उरलं, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून सांगणारा समीक्षक हवा होता. प्राध्यापकांना ते सहज जमलं असतं. त्यांनी दोन पुस्तकं शेजारी ठेवली खरी, पण वाचून दाखवायला नाही, पुरावा म्हणून.

तिसरा आक्षेप सर्वांत पोकळ: हे साहित्यच नाही. एका शाळेनं मला वाचनालयासाठी यादी करून मागितली होती. मी दिलेल्या यादीतून धारप खोडले गेले, 'ययाति' राहिली. शाळेचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही शाळेत झालं असतं. खांडेकर आमच्या कोल्हापूरचे, 'ययाति'ला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, ती यादीत असायलाच हवी. पण त्या कादंबरीत बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो आणि आपलं म्हातारपण त्याला देतो, हेही अद्भुतच ना? महाभारतातून आलं की ते रूपक, आणि सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या खोलीत घडलं की थोतांड, हा न्याय मला कळत नाही. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे, बीभत्स आहे, अद्भुत आहे. आठांतले तीन रस आपण अडगळीत ढकलून दिले आणि मग मुलं वाचत नाहीत म्हणून गळा काढतो.

याचा अर्थ धारप थोर लेखक होते असं मी म्हणतो आहे का? मला स्वतःला त्यांची अर्धी पुस्तकं आवडतात. म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग. बदली होऊन आलेला कारकून, स्वस्तात मिळालेलं घर, जिन्यातला कमी पॉवरचा दिवा, शेजाऱ्यांचं जरा जास्तच गप्प असणं. साध्या, अलंकार नसलेल्या मराठीत रोजचं जग ते असं उभं करतात की त्याला कुठं तरी तडा गेलाय हे वाचकाला पात्राच्या आधी कळतं. पुढे तडा मोठा झाला, शक्तींची नावं आणि मंत्र सुरू झाले की माझं लक्ष उडतं. शिवाय इतकं लिहिणाऱ्या माणसाच्या लेखनात पुनरुक्ती येणारच, ती आहे. हे माझं मत झालं. मोल्डरचं मत याच्या नेमकं उलटं: तो पहिली पन्नास पानं भराभर उलटायचा.

म्हणूनच मला म्हणायचंय ते एवढंच: लोकप्रिय लेखकावर एकगठ्ठा निकाल देणं बंद करू या. आवडीनिवडीचं भांडण जरूर व्हावं, पण पुस्तकाचं नाव घेऊन व्हावं. शताब्दीच्या निमित्तानं सत्कार, भाषणं होतात तशी होवोत; त्यापेक्षा कुणी तरी बसून धारपांच्या पुस्तकांची नीट सूची करावी. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, कुठलं स्वतंत्र, कुठलं कशावर बेतलेलं. नव्या आवृत्त्या निघतात तेव्हा पहिल्या पानावर ते लिहावं. ज्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, जिथं करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून उभं आहे, त्या गावातल्या ग्रंथालयांनी 'कुठला धारप?' असा एक शनिवार ठेवावा. वक्ता नको. पाच वाचकांनी पाच वेगवेगळी पुस्तकं आणावीत आणि भांडावं. त्यात एक मोल्डर असावा, एक प्राध्यापक असावा आणि तो पत्रकं वाटणारा पोरगा असावाच. आता तोही पन्नाशीला आला असेल.

भक्त आणि टीकाकार दोघंही एका गोष्टीला घाबरतात: आपली आवड बदलेल याला. माझ्या वहीत मात्र ती सतत बदलताना दिसते. लायब्ररी बंद करायची ठरली तेव्हा मी सभासदांना सांगितलं, हवी ती पुस्तकं घेऊन जा, द्याल ते पैसे द्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सिस्टर आली. निवृत्त झाली होती, केस पांढरे. सवयीनं मी तिच्यासाठी समर्थ नसलेली चार पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती.

तिनं ती पाहिली आणि म्हणाली, "नको मामा. आता रात्री घरी एकटीच असते. समर्थ असलेलं एखादं द्या."

मी रॅककडे वळलो. रॅक रिकामा होता. समर्थाची होती नव्हती तेवढी सगळी पुस्तकं मोल्डरनं सकाळीच सायकलच्या कॅरिअरला पोत्यात बांधून नेली होती. तिला मी त्याचा पत्ता दिला. एक पुस्तक तो देईल, पण आठ दिवसांत परत मागेल, असंही सांगितलं.